शेजारच्या धर्मग्रामांनी सेवा आणि नेतृत्व वाटून कसे घ्यावे

शनिवारी रात्री फादरांना ताप चढला आहे आणि रविवारी सकाळी सातच्या मिस्सेला, म्हणजे धर्मगुरूंनी चालवायच्या चर्चमधल्या मुख्य उपासनेला, कोण उभे राहणार हे अकरा वाजले तरी कोणालाच ठाऊक नाही, अशी वेळ ज्या धर्मग्रामावर (पॅरिशवर, म्हणजे एका चर्चभोवतीच्या कॅथोलिक समुदायावर) आली असेल, त्याला हे टिपण कशासाठी लिहिले आहे ते वेगळे सांगावे लागणार नाही. शेजारशेजारच्या दोन-चार धर्मग्रामांनी धर्मगुरू, धर्मभगिनी, कॅटेकिस्ट (धर्मशिक्षण देणारे) आणि प्रापंचिक, म्हणजे संसारी, कार्यकर्ते यांची सेवा एकत्र कशी आखावी आणि तसे करताना कॅनन लॉ (कॅथोलिक चर्चची नियमसंहिता) कोठे वाट मोकळी करून देतो व कोठे अडवतो, हे नाशिक परिसर डोळ्यांसमोर ठेवून येथे मांडले आहे. मी धर्मगुरू नाही. पॅरिश कौन्सिलचा सचिव म्हणून काही वर्षे इतिवृत्ते लिहिली, एवढाच माझा अधिकार. त्या अनुभवातून बनलेले मत सुरुवातीलाच नोंदवतो. अशी वाटणी बहुधा ध्येयवाक्य, समित्या आणि उद्घाटनाचा नारळ येथून सुरू होते आणि पहिल्या पावसाळ्यातच विरून जाते. ती मिस्सांचे वेळापत्रक, आजाऱ्यांची यादी आणि नोंदवह्या येथून सुरू करावी, आणि प्रत्येक कामापुढे एकाच व्यक्तीचे नाव लिहावे.

आधी परिसर पाहावा

नाशिक धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपांच्या अधिकारातला प्रदेश, १९८७ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला आणि येशूसंघीय (जेझुइट) थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप झाले. नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे पाच जिल्हे या एका धर्मप्रांतात येतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील जुन्या मिशन केंद्रांना अनेक खेडी जोडलेली आहेत, मनमाड-भुसावळकडची वस्ती रेल्वेच्या नोकऱ्यांभोवती वाढली आहे, नंदुरबारकडे आदिवासी पाडे आहेत, आणि नाशिक शहरात नाशिकरोडचे छापखाने, देवळालीचा लष्करी तळ व सातपूर-अंबडची औद्योगिक वसाहत यांच्यामुळे गोवा, मंगळूर, केरळ व तमिळनाडूतून आलेली कुटुंबे नगरकडच्या मराठी कुटुंबांशेजारी राहतात. त्यामुळे श्रीरामपूरच्या बाजूला जमलेली पद्धत सिडकोत जशीच्या तशी बसेल असे मानू नये.

पहिले काम म्हणून एकत्र येऊ पाहणाऱ्या धर्मग्रामांच्या प्रतिनिधींनी शहराचा साधा नकाशा पसरून बसावे आणि कुटुंबे कोठे राहतात याच्या खुणा कराव्यात. कॅनन लॉप्रमाणे धर्मग्राम हा सहसा हद्दीवरून ठरतो, म्हणजे आपण कोठे राहतो त्यावरून. प्रत्यक्षात मात्र अनेकांचे घर एका धर्मग्रामात आणि पाय दुसऱ्या चर्चकडे, अशी स्थिती असते. कोणी मुलांच्या शाळेमुळे, कोणी भाषेमुळे, तर कोणी जुन्या ओळखीमुळे दूरच्या चर्चला जातो. या खुणा केल्यावर तीन गोष्टी लगेच दिसतात: कोणत्या वस्तीला चर्च लांब पडते, कोणत्या भाषेची मिस्सा कोठे लागते, आणि कोणती कुटुंबे दोन्ही धर्मग्रामांच्या याद्यांत आहेत किंवा एकाही यादीत नाहीत. या शेवटच्या गटाची संख्या पाहून आमच्या बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नव्हते.

नियमाची चौकट

१९८३ च्या कॅनन लॉनुसार प्रत्येक धर्मग्राम हा स्थिर स्वरूपाचा विश्वासू समुदाय असून त्याची काळजी बिशपांच्या अधिकाराखाली प्रमुख धर्मगुरूंकडे सोपवलेली असते (कलम ५१५ आणि ५१९). शेजारी एकत्र काम करू लागले म्हणून ही जबाबदारी कोणाकडून निसटत नाही. हे समजून न घेतल्यामुळे निम्मे गैरसमज होतात. ‘आता आमचे फादर आमचे राहिले नाहीत’ असे लोक म्हणू लागतात, आणि दुसरीकडे फादरांना वाटते की शेजारचे कौन्सिल आपल्या घरात लुडबुड करते आहे.

एकत्र येण्याच्या चार वाटा नियमातच दिलेल्या आहेत. पहिली आणि सर्वांत सोपी वाट डीनरीची: कलम ३७४ प्रमाणे शेजारचे धर्मग्राम सामायिक पालकीय (लोकांच्या आध्यात्मिक देखभालीच्या) कार्यासाठी एका गटात जोडले जातात, त्यावर बिशप एका धर्मगुरूंना ठरावीक मुदतीसाठी डीन नेमतात, आणि कलम ५५५ प्रमाणे त्या भागातील सामायिक कार्याला चालना देणे व त्याची सांगड घालणे हे डीनांचे पहिले कर्तव्य असते. दुसरी वाट कलम ५२६ ची: धर्मगुरू अपुरे असतील तर किंवा तशीच अन्य परिस्थिती असेल तर शेजारचे अनेक धर्मग्राम एकाच प्रमुख धर्मगुरूंकडे देता येतात. तिसरी वाट कलम ५१७ च्या पहिल्या भागाची: एक किंवा अनेक धर्मग्राम काही धर्मगुरूंच्या गटाकडे संयुक्तपणे सोपवता येतात, मात्र त्यांच्यातील एकाने मॉडरेटर होऊन सर्वांच्या कामाला दिशा द्यावी लागते आणि बिशपांना उत्तर द्यावे लागते. चौथी वाट त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात आहे: धर्मगुरूंच्या टंचाईमुळे डिकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचे दीक्षित सेवक), धर्मभगिनी, प्रापंचिक व्यक्ती किंवा व्यक्तींचा गट यांना पालकीय सेवेत सहभागी करून घेता येते, पण त्या सेवेवर देखरेख करणारे धर्मगुरू बिशपांनी नेमलेच पाहिजेत.

यांपैकी शेवटच्या तीन वाटा बिशपांच्या निर्णयाशिवाय उघडत नाहीत, तेव्हा कौन्सिलच्या बैठकीत त्यांवर तासन्‌तास वाद घालण्यात हशील नाही. पहिली वाट मात्र आजच मोकळी आहे. डीनांना भेटावे, आपली यादी दाखवावी आणि काम सुरू करावे. नाशिकसारख्या शहरात चार-पाच धर्मग्रामांच्या बहुतेक अडचणी एवढ्यानेच सुटू शकतात असे मला वाटते.

व्हॅटिकनने जुलै २०२० मध्ये धर्मग्रामांच्या पालकीय परिवर्तनाविषयी एक सूचनापत्र प्रसिद्ध केले. त्यात धर्मग्रामांचे गट करण्याला मोकळीक आहे. मात्र गट करताना तेथील लोकांचा जीवनक्रम एकसारखा आहे का, हे पाहायला सांगितले आहे आणि केवळ धर्मगुरू कमी आहेत म्हणून धर्मग्राम बंद करून टाकू नये असेही म्हटले आहे. त्याच सूचनापत्राप्रमाणे प्रापंचिक सेवकांना प्रमुख धर्मगुरूंचे पद सुचवणाऱ्या उपाध्या लावू नयेत. आपल्याकडे पाटी आणि पदनाम यांची हौस दांडगी असल्याने हा मुद्दा मुद्दाम लिहिला. ‘समन्वयक’ हा शब्ददेखील जपून वापरावा. ‘आजारी सेवा पाहणाऱ्या बाई’ असे साधे म्हटले तर कोणाचे काही बिघडत नाही.

वेळापत्रक

धर्मगुरूंनी दिवसात एकच मिस्सा अर्पण करावी हा सर्वसाधारण नियम आहे. धर्मगुरू कमी असतील तर बिशप दिवसात दोन आणि, पालकीय गरज असल्यास, रविवारी व बंधनकारक सणांना तीन मिस्सांची परवानगी देऊ शकतात (कलम ९०५). वेळापत्रकाचा हिशेब या मर्यादेतच बसवायचा आहे. समजा, तीन धर्मग्रामांत मिळून चार धर्मगुरू आहेत आणि त्यांपैकी एक वयोवृद्ध असल्याने त्यांच्याकडून एकाच मिस्सेची अपेक्षा धरता येते. तिन्ही चर्चमध्ये रविवारी तीन-तीन मिस्सा हव्या असतील तर नऊ मिस्सा झाल्या, आणि कागदावर उरलेल्या तीन धर्मगुरूंनी प्रत्येकी तीन केल्या की हिशेब जुळतो. पण त्या सकाळी कोणी आजारी पडले किंवा कोणाला दफनासाठी जावे लागले तर सगळे कोसळते. म्हणून मर्यादेला टेकणारे वेळापत्रक कधीच करू नये. नऊच्या ऐवजी सात मिस्सा ठेवाव्यात आणि त्यांपैकी एक-दोन शनिवारी संध्याकाळी घ्याव्यात. कलम १२४८ प्रमाणे आदल्या दिवशी संध्याकाळच्या मिस्सेला हजर राहिले तरी रविवारी मिस्सेला जाण्याचे बंधन पूर्ण होते, आणि अंबड-सातपूरला पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या माणसांना ही मिस्सा सोयीची ठरते.

मिस्सा कमी करण्याचा विषय निघाला की धर्मग्रामाची खरी परीक्षा होते. ‘आमची साडेआठची मिस्सा आजोबांच्या काळापासून आहे’ हे वाक्य प्रत्येक चर्चमध्ये ऐकू येते. अशा वेळी वेळा आधी जाहीर करून मग नाराजी झेलण्यापेक्षा सलग चार रविवार प्रत्येक मिस्सेला किती माणसे येतात ते मोजावे आणि ते आकडे तिन्ही चर्चच्या फलकांवर लावावेत. अर्धे रिकामे बाक लोकांनी स्वतः मोजले की बोलणे मवाळ होते. भाषेच्या मिस्सा मात्र आकड्यांवर तोलू नयेत. मराठी मिस्सा तिन्ही चर्चमध्ये असावी. कोंकणी, तमिळ किंवा इंग्रजीची मिस्सा परिसरात एका ठिकाणी ठेवली तरी चालते, पण ती कोठे आणि केव्हा आहे हे तिन्ही ठिकाणी जाहीर झाले पाहिजे.

दोन मिस्सांमधल्या प्रवासाला पुरेसा वेळ ठेवणे ही सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. नाशिकरोडहून गंगापूर रोडला जायचे तर द्वारका चौकात किती वेळ जाईल हे देवालाच ठाऊक. एक मिस्सा संपणे आणि त्याच धर्मगुरूंची दुसऱ्या चर्चमधली मिस्सा सुरू होणे यांत निदान पाऊण तास, आणि शहराच्या दोन टोकांना असेल तर सव्वा तास ठेवावा. हा वेळ केवळ गाडी चालवण्यासाठी नसतो. मिस्सेनंतर चर्चच्या पायरीवर फादरांना गाठणारी माणसे असतात: कोणाच्या मुलाला नोकरी नाही, कोणाच्या घरी भांडण आहे, कोणाला पापनिवेदन, म्हणजे आपण बोलीत कन्फेशन म्हणतो ते, करायचे आहे पण शनिवारी येण्याचे धैर्य होत नाही. जे फादर शेवटचे गीत संपण्याआधीच हेल्मेट हातात घेतात, त्यांना ही माणसे पुन्हा भेटत नाहीत. वेळापत्रक करणाऱ्याने पायरीवरची ही पंधरा मिनिटे मिस्सेइतकीच पक्की धरावीत.

सिंहस्थाची नोंद येथेच घेतलेली बरी. पर्वणीच्या दिवसांत पंचवटी, रामकुंड आणि त्यांकडे जाणाऱ्या वाटा वाहनांना बंद असतात, हे २०१५ साली सर्वांनी पाहिले आहे. २०२७ च्या सिंहस्थात ज्या दिवशी पर्वणी असेल त्या दिवशी गोदावरी ओलांडून जाणारा एकही पालकीय फेरा आखू नये आणि रविवार असल्यास त्या त्या बाजूचे धर्मगुरू त्याच बाजूला राहतील असे आधीच ठरवावे.

एवढे करूनही एखाद्या खेड्यात रविवारी धर्मगुरू पोहोचू शकले नाहीत, तर कलम १२४८ चाच दुसरा भाग मार्ग दाखवतो: बिशपांनी ठरवलेल्या रीतीने शब्दविधी (बायबलवाचन व प्रार्थनेचा विधी) घेता येतो, किंवा कुटुंबांनी व कुटुंबांच्या गटांनी एकत्र प्रार्थना करावी. सिन्नर-इगतपुरीकडच्या वाड्यांसाठी शब्दविधी चालवणारे दोन प्रापंचिक सेवक तयार ठेवावेत. मात्र हा विधी मिस्सा नाही, हे त्यांनी प्रत्येक वेळी सुरुवातीला स्पष्ट सांगावे. तसेच मिस्सेतील प्रवचन हे धर्मगुरू किंवा डिकन यांच्यासाठीच राखलेले आहे हेही लक्षात ठेवावे. गावकऱ्यांना सवय झाली की ‘फादर नसले तरी चालते’ असे बोलणे सुरू होते, आणि मग फादर खरोखरच येईनासे होतात.

आजारी, मरणासन्न आणि दफन

माझ्या मते एकत्र कामाचा सर्वांत मोठा लाभ येथे होतो, आणि खर्च जवळजवळ शून्य असतो. रोगी-अभ्यंगाचा, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा, संस्कार फक्त धर्मगुरूच देऊ शकतात. म्हणून परिसरात रोज रात्री एक धर्मगुरू बोलावण्याजोगे असावेत आणि त्यांचा क्रमांक तिन्ही चर्चच्या फलकांवर, सूचनापत्रकांत आणि व्हॉट्सॲप गटांवर आठवड्याच्या सुरुवातीलाच जावा. पाळीचे धर्मगुरू कोणत्याही धर्मग्रामाचे असोत, रात्री दोन वाजता इस्पितळातून फोन आला की ‘तुम्ही आमच्या हद्दीतले नाहीत’ हे वाक्य उच्चारायचे नाही, एवढा एक ठराव सर्व प्रमुख धर्मगुरूंनी लेखी मान्य करावा.

घरी पडून असलेल्या आजाऱ्यांची यादी प्रत्येक धर्मग्रामाने स्वतः ठेवावी; त्यांना कम्युनियन (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) नेणारे सेवक मात्र परिसरासाठी एकत्र तयार करावेत. हे विशेष सेवक बिशपांच्या अधिकाराने नेमले जातात, तेव्हा त्यांची नावे डीनांमार्फत पाठवावीत. यादीत पत्ता, भाषा, संपर्काचा नातेवाईक आणि शेवटची भेट कधी झाली एवढेच असावे. आजाराचे नाव लिहू नये, कारण ही यादी अनेक हातांत फिरते. महिन्यातून एकदा यादीतल्या शेवटच्या भेटीच्या तारखा वाचाव्यात. ज्या नावापुढे दोन महिने तारीख नाही त्या घरी त्या आठवड्यात कोण जाणार, हे बैठक सोडण्याआधी ठरले पाहिजे.

दफनाच्या बाबतीत एक व्यवहारी गोष्ट. दफनभूमी अनेकदा सामायिक असते, कधी कधी अन्य पंथीय बांधवांबरोबरही, आणि किल्ली, खड्डा खणणारा माणूस व पालिकेचे कागद यांची माहिती एकाच म्हाताऱ्या काकांच्या डोक्यात असते. ते काका गावाला गेले की सगळ्यांची धावपळ होते. ती माहिती तीन माणसांकडे असावी.

नोंदवह्या

स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या प्रत्येक धर्मग्रामाने ठेवायच्या असतात, आणि स्नानसंस्काराच्या नोंदीपुढे त्या व्यक्तीचे दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा बळकट करणारा संस्कार) व विवाह यांचा उल्लेख करायचा असतो (कलम ५३५). धर्मग्राम एकत्र काम करू लागले की विवाह एका चर्चमध्ये, स्नानसंस्काराची वही दुसऱ्या चर्चमध्ये आणि विवाह लावणारे धर्मगुरू तिसऱ्याच चर्चचे, असे वारंवार घडते. आमच्या परिसरातील एका मुलीच्या विवाहाची सूचना तिच्या स्नानसंस्काराच्या धर्मग्रामाला कोणी पाठवलीच नाही. काही वर्षांनी तिने दाखला मागितला तेव्हा त्यावर विवाहाची नोंद नव्हती, आणि ती दुरुस्त करून घेण्यासाठी तिला तीन चर्चच्या कचेऱ्यांत हेलपाटे घालावे लागले. दोष एकाचा नव्हता. प्रत्येकाला वाटले की दुसऱ्याने पाठवली असेल. जेथे विवाह झाला तेथील प्रमुख धर्मगुरूंनी ही सूचना लवकरात लवकर पाठवावी असा कलम ११२२ चा आदेश आहे. सूचना पाठवली, पोहोचली आणि वहीत चढली अशा तीन खुणांचा एक तक्ता परिसरासाठी ठेवावा आणि तो दर तीन महिन्यांनी डीनांपुढे उघडावा. नोंदवह्या नीट ठेवल्या जातात की नाही हे पाहणे हे तसेही डीनांचेच काम आहे.

विवाह लावण्याचा अधिकार हा मैत्रीने वाटून घेण्याचा विषय नाही. शेजारच्या धर्मगुरूंनी विवाह लावायचा असेल तर त्यांना तेथील प्रमुख धर्मगुरूंनी किंवा बिशपांनी नाव घेऊन अधिकार दिलेला असावा, आणि तो सर्वसाधारण स्वरूपाचा असेल तर लेखी असावा; अन्यथा विवाहाच्या वैधतेचाच प्रश्न उभा राहतो. आपल्याकडे केरळी कुटुंबांमुळे आणखी एक गाठ पडते. १९८८ साली स्थापन झालेला आणि २०२५ साली महाधर्मप्रांत बनलेला कल्याणचा सिरो-मलबार धर्मप्रांत महाराष्ट्राच्या बहुतेक भागातील सिरो-मलबार (केरळातील पौर्वात्य रीतीच्या) कॅथोलिकांची काळजी वाहतो, आणि वधू-वर दोघेही सिरो-मलबार असतील तर लॅटिन (रोमन रीतीच्या, म्हणजे आपल्या) धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंना केवळ आपली हद्द आहे म्हणून तो विवाह लावता येत नाही. निदान एक पक्ष लॅटिन असावा लागतो. तारीख, हॉल आणि केटरर ठरल्यावर ही गोष्ट कळली तर होणारा मनस्ताप टाळण्यासाठी विवाहाची चौकशी घेणाऱ्याने पहिलाच प्रश्न दोघांच्या रीतीविषयी विचारावा.

कौन्सिल, कार्यकर्ते आणि बाळ येशूची यात्रा

पालकीय मंडळाला, म्हणजे पॅरिश कौन्सिलला, कॅनन लॉने सल्ला देण्याचा अधिकार दिला आहे, निर्णयाचा नाही (कलम ५३६); आर्थिक समिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे (कलम ५३७). परिसरासाठी संयुक्त मंडळ करताना हे विसरून चालत नाही. संयुक्त मंडळात प्रत्येक धर्मग्रामातून तीनपेक्षा जास्त माणसे घेऊ नयेत, त्यांत किमान एक स्त्री आणि एक तिशीच्या आतील व्यक्ती असावी, बैठक मराठीत व्हावी आणि ज्यांना मराठी अवघड जाते त्यांनी आपल्या भाषेत बोलावे. इतिवृत्ताला एकच नियम: प्रत्येक निर्णयापुढे काम, एक नाव आणि एक तारीख. ‘सर्वांनी मिळून करावे’ असे लिहिलेले काम कोणीच करत नाही, हे मी स्वतःच्याच जुन्या वह्या चाळून सांगतो.

कॅटेकिझमच्या वर्गांपासून सुरुवात सोपी जाते, कारण शिक्षक सगळीकडे कमी आणि पुस्तके एकच असतात. दृढीकरणाची तयारी परिसरात एकत्र घेता येते. पहिल्या कम्युनियनची तयारी मात्र मुलांच्या घराजवळच राहू द्यावी. मुलांच्या कामात वेगवेगळ्या धर्मग्रामांतील अनोळखी स्वयंसेवक येतात, तेव्हा प्रत्येकाची ओळख त्याच्या प्रमुख धर्मगुरूंनी लेखी द्यावी आणि कोणताही मोठा माणूस मुलाबरोबर बंद खोलीत एकटा राहणार नाही हा दंडक असावा. मुलावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. असा विषय आधी कौन्सिलमध्ये घेऊन मग पाहू, ही पळवाट कायद्यात नाही.

आगमनकाळात (नातळाआधी) आणि उपवासकाळात (ईस्टरआधी) परिसरातील सर्व धर्मगुरूंनी मिळून एकेका संध्याकाळी एकेका चर्चमध्ये पापनिवेदनासाठी बसावे. आपल्या ओळखीच्या फादरांपुढे बोलण्याचा संकोच वाटणाऱ्यांना याने मोठा आधार होतो आणि धर्मगुरूंना एकमेकांबरोबर जेवायला बसण्याचे निमित्त मिळते. हे जेवण गौण समजू नये.

एकत्र काम आपल्याला जमत नाही असे कोणी म्हणाले तर त्याला नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेची आठवण करून द्यावी. फेब्रुवारीत दूरदूरहून लोक येतात; त्या दिवसांत पाणी, रांगा, वाहनतळ, हरवलेली मुले आणि अनेक भाषांतल्या मिस्सा यांचा मेळ घालावाच लागतो. हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेचे सप्टेंबरमधले चित्र वेगळे नाही. यात्रेत प्रत्येकाला आपली जागा ठाऊक असते म्हणून काम होते. यात्रा संपल्यावर महिन्याच्या आत त्या स्वयंसेवकांची यादी समोर घेऊन कोण वर्षभर काय करू शकतो हे विचारावे; उशीर केला तर यादी पुढच्या फेब्रुवारीपर्यंत कपाटात पडते.

पैसा

थोडक्यात सांगायचे तर पैसे एकत्र करू नयेत. प्रत्येक धर्मग्रामाची मालमत्ता त्याची स्वतःची असते आणि विशिष्ट कारणासाठी दिलेली देणगी त्याच कारणासाठी वापरायची असते (कलम १२६७). सामायिक खर्च, जसे दृढीकरणाचे शिबिर किंवा कॅटेकिस्टचे मानधन, आधी ठरलेल्या प्रमाणात वाटून घ्यावा, प्रत्येक आर्थिक समितीने आपला हिस्सा स्वतंत्रपणे मंजूर करावा आणि पावती ज्याची त्याच्या हिशेबात जावी. सार्वजनिक न्यास म्हणून हिशेबाची तपासणी होते तेव्हा ही शिस्त कामी येते. मिस्सांच्या हेतूंबद्दलही, म्हणजे विशिष्ट प्रार्थनेसाठी मिस्सा सांगून लोक देतात त्या दानाबद्दलही, स्पष्टता ठेवावी: एका दिवसात अनेक मिस्सा करणाऱ्या धर्मगुरूंना, नातळाचा दिवस सोडला तर, एकाच मिस्सेचे दान स्वतःकडे ठेवता येते आणि बाकीचे बिशपांनी ठरवलेल्या कामाला जाते (कलम ९५१). लोकांना हे सांगितलेले नसते, म्हणून कुजबुज होते.

बदलीच्या वेळी

धर्मगुरूंच्या बदल्या होतात, आणि धर्मसंघाकडे सोपवलेल्या धर्मग्रामांत त्या संघाच्या वरिष्ठांच्या निर्णयावरही अवलंबून असतात. नवे फादर आले की जुनी व्यवस्था त्यांना माहीत नसते आणि कोणी सांगतही नाही. म्हणून परिसराची एक फाइल असावी: मिस्सांचे वेळापत्रक आणि ते तसे का केले याची कारणे, रात्रीच्या पाळीचा तक्ता, आजाऱ्यांच्या यादीची तारीख, विवाहाच्या सूचनांचा तक्ता, विशेष सेवकांच्या नेमणुकीची मुदत, संयुक्त मंडळाचे ठराव आणि सामायिक खर्चाचे प्रमाण. जाणाऱ्या व येणाऱ्या दोन्ही फादरांनी ती डीनांसमोर एकत्र बसून वाचावी. त्यानंतर दोघांनी चर्चमध्ये एक फेरी मारावी आणि प्रत्येक किल्ली कोणत्या कुलपाची आहे ते एकमेकांदेखत लावून पाहावे. पवित्र पेटीची (कम्युनियन ठेवण्याच्या पेटीची) दुसरी किल्ली कोणाकडे असते, हे त्या दिवशी वहीत लिहून दोघांनी सही करावी.